रंग मारा हो, पण ते भोक बुजवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांच्या इंजिनाची साफसफाई आणि रंगरंगोटी यावर अर्धं पान लेख आला होता, तो मी दोनदा वाचला आणि फोटो तर भिंग घेऊन बघितले (हसू नका, या वयात भिंग लागतंच). लेख तसा झकास होता, लिहिणाऱ्याला हौस आहे हे कळतं. पण तो तिसरा फोटो, ज्याच्याखाली नवा पंप नवा रंग असं काहीतरी छापलंय, त्यात वॉटर पंप एकदम लखलखीत निळा, बोल्ट निळे, होज पाइपची क्लिपसुद्धा निळी, आणि पंपाच्या खालच्या अंगाला जिथे एक बारीक भोक असायला पाहिजे तिथेही नुसता गुळगुळीत निळा रंग. भोक गायब. मला वाटलं छपाईत गेलं असेल म्हणून भाच्याला मोबाइलवर मोठं करून दाखवायला लावलं, तर तो पण म्हणाला, मामा, बुजवलंय रे ह्यांनी.

म्हणून हे पत्र. आता तुम्ही म्हणाल एवढ्याशा भोकासाठी पत्र लिहायचं का, तर हो, कारण तो फोटो बघून अजून दहा जण तसाच पंप रंगवणार, आणि मी स्वतः हाच गाढवपणा करून बसलोय म्हणून मला त्याची किंमत माहितीय.

आधी ते भोक कशाला असतं ते सांगतो. वॉटर पंपाच्या पोटात एक शाफ्ट असतो, त्याच्या आतल्या टोकाला इंपेलर म्हणजे पाणी ढकलणारी पाती, बाहेरच्या टोकाला हब, त्यावर पुली आणि बहुतेक जुन्या गाड्यांत फॅन पण. शाफ्ट बेअरिंगवर फिरतो. आता बेअरिंगमध्ये ग्रीस आणि इंपेलरकडे पाणी, या दोघांची गाठ पडता कामा नये म्हणून मध्ये सील असतं, दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर दाबून फिरतात, एक कार्बनची आणि दुसरी सिरॅमिकची वगैरे, मागे स्प्रिंग. सील आणि बेअरिंग यांच्या मधे थोडी पोकळी ठेवलेली असते आणि त्या पोकळीतून खाली बाहेर येणारं भोक म्हणजे हे आपलं वीप होल. सील कधी ना कधी झिजणारच, ज्याने पंप बनवला त्याला हे ठाऊक होतं, म्हणून त्याने सोय करून ठेवली की सीलमधून सुटलेलं पाणी बेअरिंगात न शिरता सरळ खाली टपकावं आणि मालकाला जमिनीवरचा ओला डाग बघून कळावं की बाबा, पंप आता गेलाय. काही पंपांना वरच्या बाजूला पण एक भोक असतं वाफ निघायला, ते तर लोकांना दिसतच नाही, आणि स्प्रे मारताना ते सगळ्यात आधी बुजतं.

भोक बुजलं तर काय होतं ते माझ्याकडून ऐका. माझी गाडी साठच्या दशकातली, चार सिलिंडर, बिडाचं इंजिन. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव लिहिलं की सगळी चर्चा गाडीवर जाते आणि पंप राहतो बाजूला. तर मी पंप बदलला, मोठ्या कौतुकाने तीन हात रंग दिला, इंजिनाच्या रंगाशी रंग असा जुळला की कुठे पंप संपतो आणि कुठे ब्लॉक सुरू होतो कळेना, आणि त्या तीन हातांखाली भोक गेलं ते मला कळलंच नाही. पुढचे काही महिने गाडी मस्त. मग रेडिएटरचं पाणी थोडं थोडं कमी व्हायला लागलं, खाली बघावं तर थेंब नाही, होज कोरडे, रेडिएटर कोरडा, तेलात पाणी नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. मी आपला हेड गॅस्केटच्या (ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधलं पॅकिंग) काळजीत. आणि पाणी जात कुठे होतं, तर त्या बंद पोकळीत साठून बेअरिंगच्या पोटात, आणि तिथून शाफ्टच्या बाजूने थोडं थोडं पुढे येऊन फॅनच्या वाऱ्यावर उडून जात होतं. एक दिवस पुढून शिट्टीसारखा आवाज, मग खरखर, आणि मी बाजूला घेईपर्यंत शाफ्ट इतका हलायला लागला होता की फॅनच्या पात्यांनी रेडिएटरला गोल ओरखडा काढला होता, नळ्या फाटून सगळं पाणी रस्त्यावर. पंप उघडला तेव्हा बेअरिंगमध्ये ग्रीसच्या जागी चॉकलेटी रंगाचा चिखल. आणि भोकावर माझा रंग, फुग्यासारखा वर आलेला पण फुटलेला नाही. रंग चांगल्या प्रतीचा होता ना.

दुसरी गोष्ट. लेखात एक वाक्य आहे की वॉटर पंप पाणी थंड करतो. नाही हो. थंड करतो रेडिएटर आणि वारा, पंप फक्त पाणी फिरवतो. आणि पंप नसला तरी गाडी चालायची, हे नव्या पोरांना खरं वाटत नाही. फोर्डच्या मॉडेल टी ला १९०८-०९ मध्ये सुरुवातीच्या साधारण अडीच हजार गाड्यांना पंप होता, मग तो काढूनच टाकला आणि १९२७ पर्यंत ती गाडी बिनपंपाची बनत राहिली, गरम पाणी हलकं म्हणून वर चढतं आणि थंड पाणी जड म्हणून खाली उतरतं एवढ्यावर सगळं काम. त्यानंतरच्या मॉडेल ए ला पंप आला, त्यात आजच्यासारखं सील नव्हतं, शाफ्टभोवती दोरीसारखं पॅकिंग आणि वरून एक नट, पाणी टपकायला लागलं की नट हाताने थोडा आवळायचा, पान्याने आवळला की शाफ्ट खाल्ला जायचा. म्हणजे गळणं हे तेव्हा रोजच्या देखभालीतलंच होतं. फोर्डचा १९३२ चा व्ही-८ तर दोन दोन पंपांचा, ते आधी हेडमध्ये बसवून गरम पाणी ओढून घ्यायचे, १९३७ ला ते ब्लॉकवर आणले म्हणजे रेडिएटरचं थंड झालेलं पाणी आत ढकलायला लागले. असो, मी भरकटलो. आणि हो, ज्यांच्याकडे जुनी फोक्सवॅगन बीटल आहे त्यांनी हे पत्र इथेच सोडून दिलं तरी चालेल, तुमच्या इंजिनाला पाणीच नाही.

गाडी तापायला लागली की लोक पहिला आळ पंपावर घेतात, हे पण चुकीचं. तापण्याची कारणं पन्नास, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) अडकलेला, रेडिएटर आतून चोंदलेला, बेल्ट ढिला, खालचा होज आतून मऊ होऊन जोरात रेस केल्यावर चिपकणारा, टायमिंग म्हणजे ठिणगी पडायची वेळ मागे गेलेली. पंपाची खूण वेगळी असते. इंजिन थंड आणि बंद असताना फॅनची दोन पाती धरून पुढे मागे, वर खाली हलवून बघा, हाताला कट्कट लागली तर बेअरिंग गेलं. बेल्ट काढून पुली हाताने फिरवा, खरखर लागली तरी गेलं. आणि भोकाखाली बोट फिरवा, ओलं असेल किंवा वाळलेल्या कूलंटचा (रेडिएटरच्या पाण्यात मिसळतात ते द्रव) पांढरा हिरवा थर असेल तर सील गेलं. एवढं बघून मगच पाना हातात घ्या. बेअरिंग लवकर जाण्याचं कारण पण बहुतेक वेळा मालकच असतो, बेल्ट तारेसारखा ताणून ठेवतात, खरं तर दोन पुल्यांच्या मधल्या लांब भागात अंगठ्याने दाबल्यावर साधारण १२-१३ मिलिमीटर आत गेला पाहिजे. वाकडा फॅन पण बेअरिंगला खातो.

आता पंप उतरवणं. लेखात हे एका ओळीत उरकलंय, चार बोल्ट काढा आणि पंप ओढा. ज्याने हे लिहिलंय त्याने नवीन इंजिनावर केलं असणार किंवा केलंच नसणार. पन्नास साठ वर्षं पाण्यात आणि गंजात बसलेले बोल्ट असे येत नाहीत. आमच्याकडे दुसऱ्यांदा पंप काढताना भाचा जोर लावायला बसला होता, मी म्हटलं थांब जरा, तो म्हणाला मामा तू घाबरतोस फार, आणि टक्क. डोकं हातात, दांडी आत. त्या एका टक्क मध्ये आमचे दोन दिवस गेले. म्हणून सांगतो, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी परत मारा, बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्या म्हणजे गंज आतून तडकतो, आणि काढायच्या आधी किंचित आवळायच्या दिशेने फिरवा, मग सैल करा, परत आवळा, परत सैल करा, आटे स्वतःचा रस्ता मोकळा करतात. तरी नाही आला तर बोल्टला नाही, आजूबाजूच्या बिडाला आच द्या, पण मग पेट्रोलचा पाइप आणि तेलाची फडकी आधी लांब ठेवा. आणि पुढचं कव्हर ॲल्युमिनियमचं असेल तर दुप्पट सावध, तिथे पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांचं ओल्यात असं काही जमतं की वेगळं व्हायला तयार नसतात, बोल्ट निघाला तरी आटे सोबत घेऊन येतो.

बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, हे फार महत्त्वाचं. पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढायचा, भोकं पाडायची आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खोचून ठेवायचा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो, तुम्हाला वाटतं आवळला पण पंप ढिलाच राहतो, नाहीतर पलीकडची भिंत फुटते. काही इंजिनांत यातले एकदोन बोल्ट थेट पाण्याच्या पोकळीत उघडतात, त्यांच्या आट्यांना सीलंट लावलं नाही तर पाणी बोल्टच्या डोक्याशेजारून झिरपतं आणि माणूस नव्या पंपाला शिव्या देत बसतो.

जुनं गॅस्केट खरवडताना एक गोष्ट विसरू नका, त्या काळच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रिलला तारेचा ब्रश लावून कोरडं घासू नका, धूळ छातीत जाते. ओलं करून, मास्क लावून, सपाट खरवडणीने हळूहळू काढा, ॲल्युमिनियमवर प्लास्टिकची किंवा लाकडाची. त्या जागेवर पडलेला एक खोल ओरखडा म्हणजे एक गळती.

नवा पंप आणलात की तो जुन्याशेजारी टेबलावर ठेवून बघा. हबची उंची तीच आहे का (नाहीतर पुली मागेपुढे जाते आणि बेल्ट तिरका चालतो), इंपेलरचा व्यास आणि पात्यांची दिशा तीच आहे का. दिशेचं का म्हणतोय तर १९८० च्या दशकापासून बऱ्याच गाड्यांना एकच लांब चपटा बेल्ट आला, त्यात पंप बेल्टच्या पाठीवर चालतो आणि उलटा फिरतो. त्याच घराण्यातल्या जुन्या व्ही-बेल्टच्या इंजिनावर हा पंप बोल्टसकट बसतो, दिसतो पण तसाच, फक्त पाणी नीट ढकलत नाही. गाडी तापते आणि कोणाला कळत नाही का तापते. पत्र्याचं इंपेलर आणि ओतीव इंपेलर यात पण फरक असतो, जुना ओतीव असेल आणि नवा पातळ पत्र्याचा तर मी तरी परत करतो.

आणि जुना पंप भंगारात टाकू नका!! हे मला मोठ्या अक्षरात छापायला आवडेल. बेअरिंग, सील, शाफ्ट हे सगळं प्रेसवर काढून नवीन बसवता येतं, बिडाची बॉडी मात्र परत मिळत नाही. जुन्या पंपांच्या बॉडीवर ओतकामाचा नंबर असतो आणि पुष्कळदा तारीख पण. शेवरोलेच्या त्या काळच्या ओतकामावर एक अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा असं असतं, ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, असं करत एल म्हणजे डिसेंबर. म्हणजे 'सी १२ ७' असेल तर मार्चची १२ तारीख आणि गाडी साठच्या दशकातली असेल तर साल १९६७. प्रदर्शनात बारकाईने बघणारे परीक्षक हे वाचतात. आणि रंगाचे चार जाड थर दिले की हे आकडे वाचता येत नाहीत, हा अजून एक मुद्दा.

आता रंगाकडे येतो, कारण मी रंगाच्या विरोधात आहे असं वाटायला नको. बिडाच्या पंपाला रंग हवाच, नाहीतर महिन्याभरात गंजाचा लाल मुलामा चढतो. प्रश्न फक्त कुठे आणि किती. रंग कोणता ते आपलं आपण शोधावं, शेवरोलेची व्ही-८ इंजिनं साठच्या दशकात केशरी असायची, फोर्डने १९६६ पासून आपला निळा धरला. आणि गंमत अशी की त्या काळी कित्येक कारखान्यांत इंजिन जोडून झाल्यावर पंपासकट एकदम रंगवायचे, म्हणून मूळ गाडीत गॅस्केटच्या कडेवर, बोल्टच्या डोक्यावर रंग सापडतो. लेखातले निळे बोल्ट त्यामुळे चूक आहेत असं मी म्हणणार नाही. क्लिप मात्र निळी नसावी, होज नंतर लागतो हो.

पण कारखान्यात एक पातळ फवारा मारायचे आणि इंजिन पुढे जायचं, आपण हौसेने थरावर थर देतो, फरक इथे आहे.

माझी पद्धत अशी. बॉडी आधी ग्रीस घालवणाऱ्या द्रावणाने, मग साबण पाण्याने, मग तारेच्या ब्रशने, आणि शेवटी थिनरच्या फडक्याने पुसायची, आणि पुसल्यावर उघड्या हाताने धरायची नाही कारण बोटांचं तेल लागलं की तिथलाच रंग पहिला निघतो. बेअरिंग बसवलेला पंप पाण्यात बुडवायचा नाही आणि सॅंडब्लास्टिंगला तर अजिबात द्यायचा नाही, वाळूचा एक कण सीलच्या चकत्यांमध्ये गेला की झालं. मग भोकात काडेपेटीतली काडी खोचायची, आणि मोडून नाही, अख्खी, लांब बाहेर आलेली, म्हणजे काढायची विसरणार नाही. वरचं भोक असेल तर तिथे दुसरी काडी. गॅस्केट बसते ती जागा टेपने झाकायची, टेप लावून कडेने हातोडीचे हलके हलके ठोके मारले की कडेवर टेप आपोआप कापली जाते, एकदम मापात. शाफ्टचं टोक आणि हबचा जो सपाट भाग पुलीला टेकतो तो पण झाकायचा, तिथे रंगाचा थर बसला की पुली किंचित तिरकी बसते, मग फॅन डुलतो, मग बेअरिंग परत.

बोल्टचं डोकं जिथे टेकतं तिथे सुद्धा जाड रंग नको. तुम्ही टॉर्क पान्याने बरोबर आवळता, पण तुम्ही आवळता रंगावर. गाडी दोनचार वेळा तापली थंड झाली की दाबाखालचा रंग चेपतो आणि बोल्टचा ताण कमी होतो. मी त्या जागा कोऱ्या ठेवतो, बोल्ट आवळून झाल्यावर डोक्यांना बारीक ब्रशने रंगाचं बोट लावतो. कारखान्यात सगळं जोडून झाल्यावरच रंगायचं, तेव्हा दिसायला पण तसंच दिसतं.

रंगाचा डबा घेताना सायलेन्सरचा ६५० अंशांचा रंग घेऊ नका, जास्त अंश म्हणजे जास्त चांगला असं नसतं. तो रंग पक्का व्हायला २०० अंशांच्या आसपास किंवा वर तापावा लागतो, आणि पंप ९०-१०० अंशांच्या पुढे सहसा जात नाही, म्हणजे तो रंग तिथे कधी शिजतच नाही, पेट्रोलचं फडकं लागलं की हातावर येतो. साधा इंजिन एनॅमल पुरतो. ॲल्युमिनियमच्या बॉडीला आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला धरून बसणारा अस्तराचा हात, द्या नाहीतर रंग सालीसारखा निघतो. पातळ तीन हात, मध्ये दहा दहा मिनिटं. माझ्या डब्यावर लिहिलं होतं की दुसरा हात एक तासाच्या आत द्या नाहीतर सरळ ७ दिवसांनी, मी म्हटलं असं कुठे असतं का आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दिला, तर सगळा रंग म्हाताऱ्याच्या गालासारखा सुरकुतला. अर्धवट वाळलेल्या थराला नव्या हातातला थिनर खालून उकलतो, म्हणून ते लिहिलेलं असतं. आणि लवकर वाळावा म्हणून पंप घरच्या ओव्हनमध्ये ठेवायचं डोक्यात आणू नका, ग्रीस आणि रबर दोन्हीची वाट, आणि घरातल्यांचं बोलणं वेगळं. बॉडी नुसती असेल, बेअरिंग सील नसलेली, तर गॅरेजमध्ये वेगळा ओव्हन ठेवणारे लोक आहेत, ते वेगळं.

रंग थोडा हाताला लागेनासा झाला की काडी काढा. पूर्ण कडक व्हायची वाट बघितली तर काडीसोबत रंगाचा टवका येतो, फार लवकर काढली तर रंग ओघळून भोकात जातो. मग बारीक तार आत फिरवून बघा, मोकळं लागलं पाहिजे.

बसवण्याचं फार सांगत नाही. गॅस्केटला सीलंट बोटाने पातळ लावायचं, भरपूर लावलं की आतल्या बाजूला त्याचे दोरे निघतात आणि ते जाऊन रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचं, आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यायचा, शेजाऱ्याकडून नाही. पाणी डिस्टिल्ड आणि कूलंट निम्मं निम्मं. हीटर चालू दिशेला ठेवून भरा, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत (बहुतेक ८२ किंवा ८८ अंशांचा असतो) थांबा, पाणी एकदम खाली जातं तेव्हा परत भरा. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडू नका हे सांगायला नको पण सांगतो. आणि झाकण मूळ दाबाचंच ठेवा, दर पाउंड दाबामागे पाणी उकळायचा अंश साधारण दीडने वर जातो म्हणून लोक ७ पाउंडाच्या जागी १५ चं लावतात आणि मग जुना रेडिएटर आणि सगळे सांधे एकेक करून सोडायला लागतात.

नवा पंप पहिल्या दिवशी भोकातून दोनचार थेंब टाकू शकतो. घाबरू नका, सीलच्या चकत्या एकमेकींवर बसायला थोडा वेळ लागतो. भाच्याने हे थेंब बघितले आणि लगेच, मामा, पुट्टी लावू का भोकाला, म्हणून डबा घेऊन आला होता. त्याला मी तो फाटलेला रेडिएटर दाखवला, अजून भिंतीला टेकवून ठेवलाय मी तो. थेंब दोन दिवसांत थांबले. थांबले नाहीत, धार लागली, तर मात्र पंप परत.

काढलेलं जुनं कूलंट उघड्या परातीत ठेवू नका, ते गोड लागतं आणि कुत्री मांजरं पितात, आणि थोड्याशानेही मरतात. झाकण लावून ठेवा, गटारात ओतू नका.

तर संपादक साहेब, पत्र लांबलंय, कापायचं असेल तर मॉडेल टी चा भाग कापा पण भोकाचा कापू नका. आणि फोटोतली ती निळी गाडी ज्यांची आहे त्यांना माझा एवढा निरोप पोचवा, इंजिन थंड असताना पंपाच्या खाली, बेअरिंग आणि ब्लॉकच्या मधे, बोट फिरवून बघा, रंगाखाली एक बारीक खळगा लागेल, तिथे दाभण नाहीतर बारीक खिळा टोचा. कोरडं निघालं तर चांगलंच. पाणी आलं तर पुढच्या रविवारच्या आधी गाडी बाहेर काढू नका.

आपला,
एक जुना वाचक (आणि एका फाटक्या रेडिएटरचा मालक)